अकरावा आलेला भागवत

भागवत गेल्याचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात दस्तीखाली होता. सिरसाळ्याच्या बैलबाजारात आम्ही काही जुने लोक अजून जुन्या रीतीनं सौदा करतो. विकणाऱ्याचा माणूस आणि घेणाऱ्याचा माणूस समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकतात, आणि खाली एकानं दुसऱ्याची जितकी बोटं धरली तितका भाव. तोंडानं एक शब्द नाही. भोवती कितीही गर्दी असो, काय चाललंय ते त्या दोन हातांनाच माहीत. रीत अशी की सौदा ठरेपर्यंत हात काढायचा नाही. ज्यानं आधी काढला त्यानं मोडला. मी सहसा हात काढत नाही. समोरच्याला कंटाळा येतो, मला येत नाही, माझी सगळी कमाई त्यावरच झालेली आहे. त्या दिवशी डाव्या हातानं फोन कानाला लावला. भागवतची बायको, सुमनवहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो..." आणि मी उजवा हात बाहेर ओढला. समोरचा परळीचा दलाल म्हणाला, "काय शेठ, मोडला का?" मी म्हणालो, "मोडला." दस्ती त्याच्याच मनगटावर राहिली. मी मोटारसायकल लावायच्या जागेकडं निघालो, आणि निम्म्या वाटेत आठवलं की आपण मोटारसायकलवर आलोच नव्हतो, जीपनं आलो होतो. मग जीप कुठं लावली ते आठवेना.

या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं, तुम्ही त्याचे लहानपणापासूनचे दोस्त, आठवणी लिहा. मी ही पुरवणी वाचतो. गेलेल्या माणसाबद्दल लोक फार गोड लिहितात. मला ते जमणार नाही, कारण भागवतवर माझा राग आहे. तो जिवंत असताना होता आणि अजून आहे. फक्त पूर्वी तो राग कशाचा आहे हे मला पक्कं माहीत होतं. आता तेही नीट सांगता येत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आम्ही दोघं घाटनांदूरचे. दोघांचेही आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला जायचे. शाळा मी लवकर सोडली आणि बाजारात दुसऱ्याच्या बैलांचे कासरे धरून उभा राहू लागलो. नुसतं उभं राहायचं काम. पण उभ्या उभ्या मी माणसं बघितली. कोण गरजू आहे, कोण उगाच दात बघतोय, कोण घरून बायकोशी भांडून आलाय, हे कळायला लागलं आणि हळूहळू मी स्वतःच दस्ती खांद्यावर टाकली. ऊसतोडीला निघायच्या आधी सगळ्यांना बैल लागतात, त्या दिवसांत मला माणूस कमी पडायचा. मी भागवतला बोलावलं. बोलावलं आणि पस्तावलो. त्याला सौदा करताच यायचा नाही. पहिल्याच पकडीत जो खरा भाव तोच धरायचा, ना एक बोट कमी ना एक जास्त. "आधी कमी धरायचं असतं बे," मी त्याला सांगायचो. तो म्हणायचा, "आन् मग वाढवत बसायचं? त्याला बी माहीत हाय, मला बी माहीत हाय. कावून येळ घालवायचा?" बाजारातली माणसं मुद्दाम त्याच्याकडंच यायला लागली. शेवटी मी त्याचा हात दस्तीखालून कायमचा काढला आणि त्याला जनावरं हाकायला लावलं.

तिथं मात्र त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा बघितला नाही. एकदा बाजारातून परतताना एका तरण्या गोऱ्ह्यानं कासरा तोडला आणि नांगरलेल्या रानातून डोंगराकडं धूम ठोकली. आम्ही चौघं-पाच जण काठ्या घेऊन मागं. थोड्या वेळानं आम्ही सगळे बांधावर बसलेलो आणि तो गोऱ्हा अन् भागवत दोन ठिपके झालेले. उन्हं कलल्यावर दोघं चालत परत आले, गोऱ्ह्याच्या गळ्यात भागवतचा सदरा बांधलेला. मी विचारलं, "धरलंस कसं?" तो म्हणाला, "धरलं न्हाई. मागं पळालं की ते अजून पळतंय. त्याच्या बाजूनं पळायचं. त्याच्याकडं बघायचं न्हाई. आपणच दमलोय, आपलाच पाय दुखतोय असं थोडं लंगडायचं. मंग त्याला वाटतंय, हे बेणं आपल्यापेक्षा बी मेलेलं हाय. मंग ते निवांत होतंय." आम्ही खूप हसलो. मी म्हणालो, "म्हणजे माणसाशी खोटं बोलता येत न्हाई तुला, बैलाशी बोलतोस." तो म्हणाला, "बैल कुणाला सांगत न्हाई ना."

त्याच्या पळण्याचं पुढं काय झालं ते आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक आहे. अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी त्याला धरलं आणि क्रॉस कंट्रीला घातलं. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवरचं गोल गोल पळणं नव्हे. गवत, चिखल, चढ, उतार, जे येईल त्यातून पळायचं. मी सरांना म्हणालो, हे तर तो आमच्याकडं रोज करत होता. पण त्याला घरून सोडवणं सोपं नव्हतं. त्याचा बाप म्हणाला, "पोरगं पळत बसलं तर मोळ्या कोन वाहील?" त्या घराशी सौदा मी केला. त्याच्या जागी माझा चुलतभाऊ टोळीत पाठवला, एक हंगाम नाही, दोन. आणि भागवत देशाच्या संघात निवडला गेला, परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघाला, तेव्हा दुसरा सौदा मी आप्पांशी केला. आप्पा आमच्या भागातले पुढारी, त्यांचं वरपर्यंत चालतं. ते म्हणाले, "शेठ, पोराला वैयक्तिक पदक आणायला सांगा. नोकरीचं मी बघतो. पण संघाचं-बिंघाचं मला सांगू नका, मुंबईत गेल्यावर एकाच माणसाचं नाव पुढं करता येतं." मी भागवतला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा त्याच्या कानात तीन वेळा सांगितलं, पहिल्या तिघांत ये, बाकी सगळं ठरलेलं आहे. त्यानं मान हलवली. दस्ती हातांवर टाकून माझी तीन बोटं धरली. आमच्या धंद्यात याला ठरलं म्हणतात.

शर्यतीच्या दिवशी स्टेशन रोडवरच्या हॉटेलात माझा फोन बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवला होता. अर्धं गाव लोटलं होतं. मागच्यांना दिसत नव्हतं, म्हणून पुढचे ओरडून सांगत होते. सहा जणांचा आपला संघ, निळे बनियन, कडाक्याची थंडी, तोंडातून वाफा. भागवत आधी घोळक्यात होता, मग पाचवा, मग चौथा. शेवटच्या फेरीत एक चढ होता, गवताचा, खाली चिखल. त्या चढाला लागताना भागवत तिसरा होता. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचा डावा पाय हवेत होता... आणि चित्र थांबलं.

नेट गेलं. कोणी म्हणालं फोन हलवा, कोणी म्हणालं बंद करून चालू करा. एक जण हॉटेलच्या पत्र्यावर चढला आणि म्हणाला, "शेठ, वर द्या, वर लई रेंज हाय!" मी फोन वर दिला. तो वरून ओरडला, "इथं बी पाय हवेतच हाय!" सगळे हसले. मी हसलो नाही. चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा शर्यत संपलेली होती, माणसं गवतावर आडवी पडलेली, आणि पडद्यावर नावं सरकत होती. पहिल्या तिघांत भागवत नव्हता. चौथा नाही, पाचवा नाही. मी खाली खाली बघत गेलो. अकरावा. त्याच्या वर, दहावा, आपल्याच संघाचा जगबीर नावाचा हरियाणाचा पोरगा. मग संघांचा निकाल आला आणि पहिलं नाव भारताचं. हॉटेलात एकच कल्ला झाला, गुलाल आधीच आणून ठेवलेला होता तो उधळला. मला मात्र काही कळेना. अकरावा आलेला माणूस सोन्याच्या पदकासाठी रांगेत कसा काय उभा?

सरांनी फोनवर समजावलं. संघातल्या पुढच्या चौघांचे क्रमांक मिळवायचे, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला. आपले चौघं दुसरा, सहावा, दहावा आणि अकरावा. बेरीज एकोणतीस. दुसऱ्या आलेल्या संघाची एकतीस. दोननं जिंकलो. आता, बेरीज हा माझा धंदा आहे. मी तिथंच उभ्या उभ्या दुसरी बेरीज मांडली. भागवत तिसराच राहिला असता, आणि तो जगबीर मागं पडून अठरावा जरी आला असता, तरी सोनं आपलंच होतं. संघाचं सोनं आणि भागवतचं वैयक्तिक पदक, दोन्ही. मग तो चढ आणि शेवट यांच्यामध्ये झालं काय? संध्याकाळी त्याचा फोन आला. मी अभिनंदनसुद्धा केलं नाही. "कावून मागं पडलास?" तो म्हणाला, "कळ आली बे पोटात." मी म्हणालो, "कळ आली तर माणूस चौथा येतो, पाचवा येतो. अकरावा?" तो हसला. "बेरीज लागली ना पण आपली?" म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

तो गावी आला त्या दिवशी स्टेशनपासून मिरवणूक. आप्पांचं बॅनर: जगात प्रथम क्रमांक, सुवर्णवीर भागवत. गळ्यात सोन्याचं पदक म्हटल्यावर माणूस पहिलाच आलेला असणार, यात कोणालाच शंका नव्हती. मला खरं माहीत होतं आणि मी ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी उभा होतो. स्टेजवर त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, म्या अकरावा आलो." असल्या टाळ्या पडल्या की माईक शिट्टी मारायला लागला. आप्पा उठले आणि म्हणाले, "बघा! एवढा मोठा झाला, पण पाय जमिनीवर." भागवतनं पुन्हा सांगितलं, "खरंच अकरावा." पुन्हा टाळ्या. मग त्यानं माझ्याकडं बघून खांदे उडवले. नंतर आप्पांना मुंबईत कोणीतरी निकाल नीट वाचून दाखवला असणार, कारण नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी तीनदा जाऊन आलो. आप्पा म्हणाले, "शेठ, तुम्हीच सांगा, अकराव्याचं नाव घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहू?" शब्द मी दिलेला, शब्द मी घेतलेला, आणि दोन्हीकडं तोंड माझंच काळं झालं. भागवतच्या बापानं मरेपर्यंत माझ्याकडं बघून मान फिरवली. माझा राग हा आहे. पदक गेलं त्याचा नाही. मी ठरवलेल्या सौद्यातून कोणी हात काढून घेतला, आणि मला का ते सांगितलं नाही.

आमचं बोलणं बंद पडलं असं समजू नका. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. तो बीडला गेला, पोलीस भरतीची पोरं-पोरी पळवायच्या एका अकॅडमीत लागला. मी कोर्टाच्या, आरटीओच्या कामाला बीडला गेलो की त्याच्याकडं जायचो. दार उघडलं की त्याचा पहिला खेळ ठरलेला: माझ्या खांद्यावरची दस्ती ओढायची, दोघांच्या हातांवर टाकायची, आणि खालून विचारायचं. एक बोट म्हणजे चहा, दोन बोटं म्हणजे जेवूनच जायचं. मी घाईत असलो तरी तो दोन धरायचा आणि सोडायचा नाही. वहिनी आतून ओरडायच्या, "भाऊजी, काय ठरलं? कुकर लावू का?" जेवताना मी कधीतरी विषय काढायचोच. चढावर नेमकं काय झालं? तो ताटातून वर न बघता म्हणायचा, "सांगितलं की. कळ आलती." माझा आवाज चढायचा, वहिनी भाजी वाढायच्या निमित्तानं मध्ये यायच्या. एकदा मी ताटावरून उठलो. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "शेठ, तुला ते कळूनशान काय मिळणार हाय?" मी म्हणालो, "माझा सौदा होता तो." तो म्हणाला, "व्हय, तुझा होता." एवढंच. याचा अर्थ काय लावायचा? मी बीडच्या स्टँडवर उसाचा रस घेऊन तसाच उभा राहिलो आणि गाडी निघून गेली.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. सकाळी पोरींना पळवता पळवता रस्त्याच्या कडेला बसला, तो बसलाच. आधी बीड, मग अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणला. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. डॉक्टर म्हणाले ऐकू येतंय, कळतंय किती ते सांगता येत नाही. मी दुपारी गेलो, खाटेशेजारी स्टूल घेऊन बसलो. ज्या माणसाला गोऱ्हा दमवू शकला नाही त्याचे पाय चादरीखाली दोन काठ्यांसारखे. मला एकच सुचलं. मी खांद्यावरची दस्ती काढली, त्याच्या डाव्या हातावर टाकली, माझा हात खाली घातला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "भागवत, आज तरी सांग. कळ आलती तर एक बोट धर. मुद्दाम मागं सरलास तर दोन धर." तो छताकडं बघत होता. मग त्याची बोटं हलली. त्यानं माझं एक बोट धरलं नाही, दोन धरली नाहीत. सगळा पंजा धरला, अंगठ्यासकट. "बे, पाच काय?" मी म्हणालो. "पाच ठरलंच न्हाई आपलं." त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. ते हसणं होतं की आजारानं तोंड तसं झालं होतं, मला माहीत नाही. मी वहिनींकडं बघितलं. त्या मोसंबी सोलत म्हणाल्या, "भाऊजी, हल्ली ते सगळ्यांचाच हात असा धरतात. काल झाडूवाल्या मावशींचा बी धरला." तो हात सोडत नव्हता. जेवणाची गाडी आली, मावशी म्हणाल्या बाजूला सरका, आणि मला हात काढावा लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींचा तो फोन.

तेरवीच्या दिवशी एक उंच, केस पिकायला लागलेला माणूस पाठीवर बॅग घेऊन घाटनांदूरच्या स्टेशनवरून चालत आला. तो जगबीर. दहावा आलेला. पत्रावळीसमोर बसवला तर मांडी घालता येईना, गुडघे गेलेले. जेवणं झाल्यावर मी त्याला लिंबाखाली गाठला आणि आमच्या बाजारी हिंदीत सरळ विचारलं, "उस दिन चढाई पे क्या हुआ था, सच बोलो भई." तो म्हणाला, "सच तो ये है कि मैं रुक गया था जी." त्याचा श्वास उखडला होता, पाय चिखलात बसत होते, त्यानं मनात शर्यत सोडून दिली होती. मी म्हणालो, मग भागवत पुढून मागं आला आणि त्यानं तुला ओढून नेलं, असंच ना? माझा आवाज चढला असणार, कारण मांडवातली दोन माणसं वळून बघायला लागली. जगबीर म्हणाला, "ना जी. उलटा. मैंने देखा, बगल में वो दौड़ रहा है, पेट पकड़ के, लंगड़ाता हुआ. मेरी तरफ़ देखा भी नहीं. मुझे लगा ये तो मुझसे भी गया-गुज़रा है, गिरेगा. मैंने कहा, चल भाई, मैं हूँ. मैं तो अपनी साँस ही भूल गया. आख़िर तक मैं ही उसको ले के आया." आणि वर म्हणाला, "मैं तो सबको यही बताता हूँ, कि भागवत को मैं लाया था."

मी लिंबाला टेकून उभा राहिलो. बाजूनं पळायचं, त्याच्याकडं बघायचं नाही, आपणच दमलोय असं थोडं लंगडायचं... जगबीरला मी त्या गोऱ्ह्याबद्दल काही बोललो नाही. काय बोलणार? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला, तू आमचा गोऱ्हा होतास असं सांगायचं? म्हणजे भागवतनं ठरवून केलं, असं मी मनात पक्कं करत होतो. तडक वहिनींकडं गेलो. त्या मागच्या दारी भांडी मोजून घेत होत्या. मी विचारलं, "वहिनी, भागवत पोटातल्या कळेबद्दल कधी काही बोलला होता?" त्या म्हणाल्या, "बोलायचं काय भाऊजी? नेहमीचंच होतं ते. चढ लागला की बरगडीखाली धरायचं. खिशात ओव्याची पुडी असल्याशिवाय ते कधी पळायला गेले न्हाईत." त्यांनी आत जाऊन त्याची पळायची चड्डी आणली. खिशात पुडी होती, ओवा जुना होऊन वास गेलेला. मी ती पुडी हातात घेऊन उभा. कळ खरी असेल तर इतकी वर्षं मी एका माणसाच्या पोटदुखीवर रागावून बसलो होतो. कळ खोटी असेल तर त्यानं मला न विचारता माझा सौदा मोडला, आणि वर मला बैलाशी बोलावं तसं खोटं सांगितलं. आणि दोन्ही खरं असेल, कळ आली, मागं पडला, बाजूला जगबीर दिसला, आणि मग त्या लंगडण्याचा त्यानं उपयोग करून घेतला, तर? मग मी कोणत्या अर्ध्या भागावर रागवायचं? मला सौद्यात अर्ध्यावर थांबता येत नाही.

आता आप्पांनी गावच्या मैदानाला भागवतच्या नावाची कमान करायला घेतली आहे. पाटीचा मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला: आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धेत प्रथम क्रमांक. मी म्हणालो, "अकरावा लिहा." आप्पा म्हणाले, "शेठ, दुःखानं डोकं फिरलं का? अकरावा आला म्हणून कुणी कमान बांधतं का?" मी म्हणालो, "संघ पहिला लिहा, पण त्याच्या नावापुढं अकरावाच. माईकवर दोनदा सांगितलंय त्यानं, तुम्ही टाळ्या वाजवल्या." भांडण झालं. आवाज रस्त्यापर्यंत गेले. शेवटी ठरलं: कमान आप्पांची, पाटी माझी, कमानीवर आप्पांचा फोटो भागवतपेक्षा लहान. पाटी लागली त्या दिवशी मी लांब उभा राहून बघत होतो, नावापुढं आकड्यात ११ वा. दोन म्हातारे वाचत उभे राहिले. एक म्हणाला, "पेंटरनं एक एक जास्त काढला की रं." दुसरा म्हणाला, "आसू दे. पैसे एकाचेच घेतले आसतील." मी काही दुरुस्त केलं नाही. भागवत असता तर तो पुढं झाला असता आणि सांगितलं असतं, न्हाई मंडळी, बराबर हाय. त्यांनी ऐकलं नसतं.

मागच्या आठवड्यात सिरसाळ्याच्या बाजारात तो परळीचा दलाल पुन्हा भेटला. त्यानं माझी दस्ती धुऊन, घडी घालून आणली होती. म्हणाला, "शेठ, त्या दिवशीची जोडी अजून हाय. बसायचं का?" मी हात पुढं केला. त्यानं दस्ती टाकली. खाली त्यानं माझा सगळा पंजा धरला, अंगठ्यासकट. पाच. साधा भाव होता, त्या जोडीला रास्त होता. एरवी मी लगेच दोन बोटं सोडवून घेतली असती आणि त्याला घाम फोडला असता. पण त्या वेळी मला पुढं काय करायचं ते आठवेना. हात तसाच राहिला. बैल शेपट्या हलवत होते, बाजूला कोणीतरी चहावाल्याला हाका मारत होतं.

"शेठ, पाच धरलेत," दलाल म्हणाला. "व्हय म्हणा, न्हाई तर काढा हात. लोक बघायलेत."

मी म्हणालो, "थांब की बे जरा."